कणीक

पखवाजाला लावायची कणीक चपातीच्या कणकेसारखी नसते. तेल नाही, मीठ नाही, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, आणि मळायची मात्र भरपूर, बोटाने ओढली तर तार निघाली पाहिजे इतकी. सैल झाली तर वाजवता वाजवता सरकते, घट्ट झाली तर तासाभरात सुकते, पापुद्रा धरते आणि धुमेचा, म्हणजे डाव्या पुडीचा, तो खोल, पोटातून आल्यासारखा आवाज जातो तो जातोच. आमच्या घरात हे माप बरोबर जमतं एकाच माणसाला, माझ्या चुलतभावाच्या मुलीला. यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. रामनवमीला संध्याकाळी सातच्या सुमाराला देवळातून निरोप आला, "कणीक धाडा गे", आणि तिने दरवर्षीसारखी मळली, स्टीलच्या डब्यात घातली, वर ओलं फडकं टाकलं आणि डबा माझ्या हातात दिला. काही बोलली नाही. नेहमी स्वतः धावत नेऊन द्यायची. दोन महिने झाले ठाण्याला परत येऊन, पण त्या डब्याचं वजन अजून हाताला आठवतं.

कारण आदल्याच रात्री आम्ही सगळ्या पुरुषमाणसांनी बसून ठरवलं होतं की यंदा पखवाज तिने वाजवायचा नाही.

आमचं गाव कुडाळपासून आत. कार्तिकात जत्रा असते तेव्हा नाटक करायला धंदेवाईक मंडळी येते, पिढ्यानपिढ्या ठरलेली, त्यात गावाचा शब्द चालत नाही आणि चालवायची कुणाची इच्छाही नसते. पण रामनवमीच्या रात्री जो दशावतार होतो तो गावाचा. वाडीतलेच लोक, कोण रिक्षा चालवणारा, कोण काजूच्या फॅक्टरीत, कोण मुंबईहून रजा टाकून आलेला. चैत्रात आमच्याकडे रात्रीला एक वास असतो, काजूच्या बोंडांचा आंबूस गोड, त्यात सुरंगीचे वळेसर माळून आलेल्या बायका, तुळशीजवळची उदबत्ती, आणि रंगपटातून येणारा सफेदा आणि खोबरेल तेलाचा वास. हे सगळं एकत्र आलं की मला माझं वय आठवत नाही. लहानपणी मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून नाटक बघायचो आणि प्रत्येक वेळी राक्षस यायच्या आधी झोपायचो, मग पखवाजाच्या दणक्याने दचकून उठायचो. राक्षसाची एंट्री मी कधी डोळ्यांनी बघितलेली नाहीये, ती मला आधी छातीत ऐकू यायची.

तो पखवाज वाजवायचे तात्या, माझे थोरले काका. आणि स्टेजवर असायचे अण्णा, त्यांचे धाकटे भाऊ, बाईच्या वेषात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कथानक लावून देतात आणि बाकी ज्याचं त्याने तोंडाला येईल तसं बोलायचं. पण बोलणं जसं लिहिलेलं नसतं तसे पायही लिहिलेले नसतात. युद्धाच्या वेळी कोण किती गिरक्या घेणार, कुठे थांबणार, कुठे एकदम बसकण मारणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, खुद्द त्या नटालाही नसतं. पखवाजी बघत असतो फक्त पायांकडे. अण्णा डावा पाय दोनदा आपटायचे आणि तात्या त्या दुसऱ्या आपटण्याच्या आतच दुप्पट लयीत गेलेले असायचे. तीस वर्षं हे चाललं. घरात दोघा भावांचं फारसं बोलणं नव्हतं, जमिनीच्या वाटणीवरून मध्ये काही वर्षं तर अगदीच बंद होतं, एकमेकांच्या खळ्यात पाय ठेवत नव्हते, पण त्या वर्षांतही रामनवमीला एक वाजवायचा आणि दुसरा नाचायचा. माझी आई म्हणायची, त्यांचं जे काय बोलायचं ते त्या रात्री बोलून घेतात.

अण्णांचं बाईपण मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांना नऊवारी नेसताना बघणं हाच एक कार्यक्रम असायचा, निऱ्या अशा पडायच्या की माझी काकू म्हणायची माझ्या बापजन्मात मला असं जमलं नाही. नाटकाच्या आधी आठ दिवस शिवराक, मासे बंद, चटईवर झोपणं. रंगपटात मांडी घालून, पुढ्यात हाताएवढा आरसा, स्वतःच्या हाताने भुवई काढणार, आणि भुवई काढून झाली की मग कुणाशी बोलायचे नाहीत. आम्ही पोरं दारातून बघायचो. कपाळाला कुंकू लागलं की ते आमचे अण्णा राहायचे नाहीत, कोण व्हायचे ते सांगता येत नाही, पण आम्ही आपोआप दोन पावलं मागे सरायचो.

तर तात्यांना मुलगा एकच, माझा चुलतभाऊ, आणि त्याला तालाचं अंग अजिबात नाही. तात्यांनी शिकवलं नातीला. शिकवलं म्हणजे काही ठरवून क्लास घेतल्यासारखं नव्हे. ती चार वर्षांची असेल, तात्या पडवीत बसून वाद्या आवळायचे, गट्टे ठोकायचे, आणि ही त्यांच्या मांडीत जाऊन बसायची. ते तिचे हात आपल्या हातात धरून स्वतःच्या मांडीवर बोल वाजवायचे, धा तिट धा तिट धा धा तिट, आणि ती तोंडाने म्हणायची. पुढे तिचे हात दोन्ही पुड्यांपर्यंत पोचायला लागले तेव्हा त्यांनी पखवाज तिच्या पुढ्यात सरकवला. कणीक लावायलाही त्यांनीच शिकवलं, किती गोल, किती जाड, कडेला अंगठा कसा फिरवायचा. तात्या गेले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. दिवस-वार झाल्यावर सगळ्यांनी पखवाज खोळीत घालून माळ्यावर ठेवायचं ठरवलं, तर ही रडली नाही, फक्त म्हणाली, खोळीत ठेवला तर त्याची शाई उडते, रोज हात लागला पाहिजे. आणि रोज लावत राहिली.

तात्यांनंतर नाटकाला वाजवायला वाडीतला एक मुलगा बसायला लागला, तात्यांकडेच थोडंफार शिकलेला. तो आता गोव्यात हॉटेलात कामाला. यंदा तालमी सुरू झाल्या आणि त्याचं येणं शेवटच्या दोन दिवसांवर ढकललं गेलं, मग तालमीला वाजवणार कोण, तर ही होतीच. आमच्याच पडवीत तालमी, आठ रात्री. मी शेवटच्या तीन रात्री होतो. आख्यान यंदा अर्जुन-प्रमिलेचं, अश्वमेधाचा घोडा स्त्रीराज्यात शिरतो, राणी प्रमिला तो बांधून ठेवते आणि अर्जुनाला युद्धाला उभं करते, तीच कथा. अण्णा प्रमिला. सत्तरी ओलांडलीय त्यांनी, गुडघे दुखतात, बसून उठताना हात टेकायला लागतो. पण दुसऱ्या रात्री युद्धाची तालीम चालू होती, लुंगी आणि बनियनवर अण्णा उभे, समोर रिक्षावाला अर्जुन, आणि अण्णांनी डावा पाय दोनदा आपटला.

दुसऱ्या आपटण्याच्या आत ती दुप्पट लयीत गेली होती.

अण्णा मध्येच थांबले. सगळ्यांना वाटलं गुडघा धरला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, पखवाजाकडे बघितलं, तिच्या हातांकडे, आणि मग पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं खांद्यावरून हात फिरवून म्हणाले, "पुन्ना घी." त्या रात्री त्यांनी ते युद्ध चारदा केलं. काकू आतून ओरडत होती, गुडघ्याचं बघा म्हणून.

आणि मग रामनवमीच्या आदल्या रात्री गोव्याहून फोन आला की सुट्टी मिळत नाहीये. सगळे पडवीतच होते. एक क्षणभर कुणी काहीच बोललं नाही, आणि त्या शांततेत तिने अगदी सहज, जसं कुणी म्हणेल की चहा मी करते तसं म्हटलं, "मगे मी वाजयतंय मां." मला आठवतंय, दोघं-तिघं "हो तर" म्हणायला तोंड उघडत होते, मी त्यांचे चेहरे बघितलेत. पण आधी बोलले अण्णा.

"तालमेक चलता. नाटकाक चलाचा नाय."

मग देवळाच्या सभामंडपात मीटिंग बसली, रात्री दहा वाजता. मानकरी आले, नाटकातले सगळे आले, मुंबईकर आम्ही चार-पाच जण आलो. ती पायरीवर बसली होती, बाहेरच्या, तिच्या आजीबरोबर. एकाने विचारलं हरकत काय आहे, पोरगी चांगली वाजवते. तर कुणी म्हणालं आजवर असं झालं नाही. कुणी म्हणालं महिलांचं भजन वेगळं, तिथे वाजवू दे की, कोण नको म्हणतंय, हे देवासमोरचं नाटक आहे. आणि मग एक जण, वयाने मोठा, आवाज बारीक करून म्हणाला, "अडचण इली तर?" सभामंडपात आवाज बारीक केला तरी तो दगडी खांबांवर आपटून मोठाच होतो. पायरीवर बसलेली ती पायाच्या अंगठ्याने शेण सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढत होती, ती तिथेच थांबली. मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

आणि मग ते सगळे एकेकाला विचारत आले, तुझं काय म्हणणं, तुझं काय म्हणणं, आणि माझ्यापाशी आले.

मी म्हटलं, गाव ठरवील ते.

आता लिहिताना वाटतं की बोलण्यासारखं काय कमी होतं माझ्याकडे. फेसबुकवर अशा विषयावर दोन-दोन दिवस वाद घातलाय मी. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेही कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ बघून, म्हणजे आपलं मराठी नाटकच मुळात दुसऱ्याचं बघून, बदलून, आपलं करून घेतलेलं. बालगंधर्वांच्या शालूच्या, चालण्याच्या नकला घराघरातल्या बायका करायच्या आणि तरी 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या आणि रंगभूमी काही कोसळली नाही. आणि इतकं लांब कशाला, आपल्याच सिंधुदुर्गात आता बायकांची दशावतार मंडळं आहेत, अख्खं नाटक त्याच करतात, राजेसुद्धा त्याच, राक्षससुद्धा त्याच. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, जिभेवर आलं नाही. मी स्वतःला सांगितलं की वर्षातून चार दिवस येणाऱ्याने बोलू नये, इथे राहतात त्यांनी ठरवावं. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला तिथेच, खांबाला टेकून बसल्या बसल्या कळलं होतं. मला माझी रात्र हवी होती. तीच, लहानपणीची, काही इकडचं तिकडे न झालेली. शहरात सगळं इतकं बदलतं की गावात एक गोष्ट तरी जशीच्या तशी राहावी असं वाटतं, आणि तिची किंमत कोण देतंय ते आपण बघत नाही.

आणि जशीच्या तशी तरी कुठे राहिलीय. गॅसबत्त्या गेल्या, ट्यूब आल्या, आता एलईडीचे रंगीत फोकस. वरून टांगलेले माईक आले आणि नटांचे आवाज बसले, पूर्वी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत पोचेल असा आवाज लावायला वर्षं घालवायचे. केसांचे टोप नायलॉनचे, दागिने सावंतवाडीच्या बाजारातले रेडिमेड. धंदेवाईक नाटकांत ट्रिकसीन आलेत, धूर काय, हवेत उडणारी पात्रं काय, गर्दी त्यालाच होते आणि ट्रिकसीन संपला की अर्धी गर्दी उठून मोटरसायकली चालू करते. आम्हीसुद्धा धुराचं मशीन भाड्याने आणतो. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संकासूर. आड दशावतार, गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, मग वेद चोरणारा तो काळ्या झग्यातला संकासूर, मालवणीत अख्ख्या गावाची टिंगल करणारा, ज्याच्यासाठी आम्ही पोरं जागी राहायचो, तो आमच्या नाटकातून सहा वर्षांपूर्वी गेला. लोकांना वेळ नाही, डायरेक्ट आख्यान लावा म्हणाले. ज्या अवतारांवरून या खेळाला दशावतार म्हणतात तो भागच उडाला आणि त्यासाठी कुणी मीटिंग बोलावली नव्हती. कौलसुद्धा लावला नव्हता.

कौल लावायचं मीटिंगमध्ये सुचवलं ते आजीने, तात्यांच्या बायकोने. बायका सभामंडपात बोलत नाहीत, ती पायरीवरूनच बोलली. "तुमी आपापसात कित्याक झगडतास? देवाक इचारा. कौल लावा, उजवो दिलो तर वाजवूंदे, डावो दिलो तर पोर आपणच गप ऱ्हवतली." अगदी सरळ होतं. आमच्याकडे विहीर कुठे खणायची इथपासून मुलीचं लग्न कुठल्या घरात करायचं इथपर्यंत सगळं देवाला विचारतात, देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात आणि बघत बसतात कुठली आधी सुटते. परंपरेतच बदल करायचा रस्ता ठेवलेला आहे आपल्या पूर्वजांनी, हे मला त्या रात्री पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. आणि सगळे गप्प झाले. कुणीतरी खोकलं. आणि अण्णाच्या शेजारी बसलेला एक जण हळूच म्हणाला, "आणि देवान उजवो दिल्यान तर?"

कौल लावला नाही. रात्री उशीर झाला, गुरव झोपला असेल, असं काहीतरी ठरलं. शेजारच्या गावात डबलबारी भजनाच्या बुवांना साथ करणारा एक चांगला पखवाजी आहे, त्याला फोन लावला, तो तयार झाला. मीटिंग संपली.

आता नाटकाची रात्र. मी डबा नेऊन दिला, त्या पाहुण्या पखवाज्याने फडकं बाजूला करून कणीक अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाला, वा, कोणी मळली? मी म्हटलं, घरची आहे. माणूस वाईट नव्हता, हात गोड होता त्याचा, गणाला तर फारच सुंदर वाजवला. त्याला आमच्या माणसांचे पाय माहीत नव्हते इतकंच. देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि पेटीचा पहिला सूर लागला. ती बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी खांबाशी, तिथून तिची अर्धी पाठ आणि उजवा हात दिसत होता.

प्रमिलेची एंट्री बाराच्या पुढे झाली असेल. अण्णा आले. मला अजूनही तसंच झालं, दोन पावलं मागे सरावं असं. पण माझ्या पुढ्यात चार-पाच पोरं होती, कॉलेजची, मोबाईल वर धरून शूटिंग करत होती, आणि अण्णांनी लाजून मान वळवली तसा त्यातला एक जण हसला, मग दुसरा, मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळेच फिदीफिदी. मला वाटलं नव्हतं स्टेजपर्यंत गेलं असेल. गेलं होतं. अण्णांची मान त्या वळणावर जरा जास्त वेळ राहिली.

मग युद्ध. अर्जुन डावीकडून, प्रमिला उजवीकडून, बाकड्याला एक प्रदक्षिणा, आणि अण्णांनी डावा पाय आपटला. एकदा. दोनदा. पखवाज आपल्या लयीत चालूच होता, एक आवर्तन पुरं करून मग चढला, सुंदर चढला, पण तोवर अण्णांची गिरकी घेऊन झालेली. ते हवेत फिरले आणि ताल त्यांच्या मागून आला. आणि मी बघितलं, लाल खुर्चीच्या हातावर तिची बोटं चालली होती. प्लास्टिकवर, आवाज काहीच नाही. अण्णांचा पाय उचलला जायच्या आधी तिचा अंगठा उचलला जात होता. प्रत्येक वेळी. तिची मान स्थिर, चेहरा अगदी शांत, बाजूला आजी पेंगत होती, आणि ती बोटं स्टेजवरच्या पायांना धरून होती, गदिगन धा, गदिगन धा, गदिगन धा, आणि खरा पखवाज अर्धा श्वास मागे. अण्णा तिसऱ्या गिरकीला अडखळले. पडले नाहीत, बाकड्याला हात लावून सावरलं, लोकांना तर ती अदा वाटली असेल, टाळ्यासुद्धा आल्या. तिने हात मांडीत घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

नंतरचं नाटक मी बघितलं की नाही सांगता येत नाही.

उजाडताना आरती झाली. लोक पांगले, खुर्च्यांवर खुर्च्या चढल्या. पाहुणा पखवाजी डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढत होता, काढलेला गोळा त्याने कागदावर ठेवला, वरून सुकलेला, आतून अजून ओला. मी रंगपटात गेलो. अण्णा खोबरेल तेलाने तोंड पुसत होते, अर्धा चेहरा प्रमिलेचा, अर्धा त्यांचा, टोप काढलेला, खाली घामाने चिकटलेले चार पांढरे केस. म्हणाले, "आज पाय पडाक नाय माजे." मी काही बोललो नाही. मग आरशातच बघत, मला उद्देशून की स्वतःला ते कळलं नाही, म्हणाले, "पोरां हसतत, माका दिसत नाय काय? पन्नास वर्सां झाली साडी नेसतंय. उद्या चेडवां इली काय स्टेजवर, मगे माज्याकडे कोण बघतलो? बाई आसताना ह्यो बाप्या कित्याक नाचता म्हणतले." आणि थोड्या वेळाने, "तात्याचे हात आसत तिचे. माका कळला पयल्याच दिसा."

मी रात्रभर त्यांच्यावर चिडून होतो. तिथे उभा राहून ती चीड कुठे ठेवायची ते कळेना. अडचण, देव, आजवर झालं नाही, हे सगळं बाकीच्यांचं होतं. या माणसाला भीती होती की पखवाजावर एक मुलगी बसली की मागोमाग दुसरी येईल, मग तिसरी साडी नेसून येईल, आणि जी गोष्ट त्यांनी आठ-आठ दिवस शिवराक राहून, चटईवर झोपून, देवाची सेवा म्हणून केली तिचं एका रात्रीत सोंग होईल. ओमप्रकाश चव्हाणांसारखा नट आजही स्त्रीभूमिकेत उभा राहिला की लोक बघत राहतात, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण ज्याने नुकतंच हसणं ऐकलंय त्याला काय सांगणार. आणि तरीही, सोळा वर्षांच्या मुलीचे हात मांडीत दाबून धरायला लावून ती भीती कमी होणार आहे का, हेही मी विचारलं नाही. मी त्यांना टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळं घर झोपलं होतं. आंब्याच्या आढीचा वास, बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मी ओसरीवर लवंडलो होतो तर अण्णा आले, उन्हातून, डोक्यावर टॉवेल टाकून, आमच्या खळ्यातून थेट मागच्या पडवीत. तिला हाक मारली. ती आली, पखवाज घेऊन. कणीक नव्हती, ती पुन्हा आत गेली, मी मळण्याचा आवाज ऐकला, परातीवर मूठ आपटल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. तिने डाव्या पुडीवर कणीक लावली होती, अंगठा कडेने फिरवत होती, आणि अण्णा लुंगी वर खोचून मधोमध उभे होते, गुडघ्याला काकूने बांधलेला पट्टा. कुणीच कुणाला काही म्हटलं नाही. अण्णांनी डावा पाय आपटला, दोनदा.

त्यांनी मला दारात बघितलं. नाचता नाचताच हात करून म्हणाले, "दार वडून घे रे. आवाज भायर जाता."

मी दार ओढून घेतलं.